नमुना नंबर तीन

मी दारू पीत नाही. हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी दिग्रसमधल्या निदान चाळीस माणसांना सांगितलं आहे. या वाक्याची गंमत अशी की ते जितक्या वेळा सांगावं तितकं खोटं वाटत जातं. एकदा सांगितलं तर माणूस सज्जन दिसतो. तीनदा सांगितलं तर समोरचा हळूच पुढे वाकून तोंडाचा वास घेतो.

मी विठ्ठलराव गावंडे, कापसाचा निवृत्त ग्रेडर. ग्रेडर म्हणजे काय हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं, बाहेरच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याच्या गाडीतल्या कापसात हात खुपसायचा, पुंजका बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तंतू ताणायचा आणि कापूस कोणत्या प्रतीचा ते सांगून मोकळं व्हायचं. एकतीस वर्षं मी एवढंच केलं. वजन वाढावं म्हणून कोणी रात्री कापसावर पाणी मारून आणलं, तर माझ्या बोटांना ते आधी कळायचं आणि मला नंतर. तेव्हा माझ्या पारखीला मान होता. होता, असं आता म्हणावं लागतं.

माझी मुलगी अर्पिता पुण्याला वाइन चाखायला शिकते. म्हणजे वास घ्यायचा, घोटभर तोंडात खेळवायची, थुंकून टाकायची आणि ती कुठली, किती वर्षांची, चांगली की बिघडलेली ते सांगायचं. याचा रीतसर अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते आणि पुढे नोकरीही लागते. दोन वर्षांपूर्वी तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि कॉलनीत सांगितलं की पोरगी द्राक्षांवर संशोधन करते. हे खोटं नव्हतं अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. वाइन काही वांग्यांची करत नाहीत.

तर मे महिन्यातल्या एका सोमवारी अर्पिता पुण्याच्या ट्रॅव्हल्सने उतरली. तिला त्याच दुपारी फुलसावंगीला जायचं होतं, पायल नावाच्या मैत्रिणीच्या लग्नाला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती तिकडेच राहणार होती. जाण्यापूर्वी तिने कापडात गुंडाळलेल्या तीन लहान बाटल्या टेबलावर मांडल्या.

"बाबा, हे फ्रान्सातल्या बर्गंडी भागातलं हाय. तिन्ही एकाच गावचे. हे चार वर्षांचं, हे बारा, अन् हे सव्वीस."

"म्हणजे तुह्याच वयाचं?"

"हो. सरांजवळ एकच होती, त्याईनं मले देल्ली. पुढच्या हप्त्यात गुरुवारी परीक्षा हाय. तीन गिलासं ठेवतात समोर, नाव झाकून. वय सांगा लागते. अन् इतकं जुनं मी अजून कधी चाखलंच नाही." मग तिने बाटल्या माझ्याकडे सरकवल्या. "शनिवारी सकाळी तुम्ही मले ओतून द्या. कोणतं कोणत्या गिलासात ते सांगू नका. तुम्ही नमुन्याले नंबर लावत होते ना, तसं."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. दोन वर्षं जिचं काम मी लपवत होतो, तिला त्या कामात माझाच हात हवा होता. मी लगेच तीन चिठ्ठ्या फाडून एक, दोन, तीन असे आकडे घातले.

"तोवर थंड जागी, अंधारात, उभ्या ठेवा. हालवू नका. अन् बाकी काही करू नका," ती म्हणाली. जीपमध्ये बसतानाही ती पुन्हा म्हणाली, "बाबा, बाकी काही करू नका."

माणसाला एवढंच एक जमत नाही.

मे महिन्यात दिग्रसमध्ये थंड जागा शोधणं म्हणजे काय, हे फ्रान्सच्या लोकांना कळणार नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका असं तिने बजावलं होतं. कूलरसमोर ठेवल्या तर वीज गेली. माठाशेजारचा कोनाडा थंड होता, पण त्याच्या मागची भिंत देवघराची.

"देवाच्या पाठीशी दारू ठेवान?" माझी पत्नी कौसल्या म्हणाली. "मंग कापूर कायले जाळू मी तिथं?"

शेवटी न्हाणीघराच्या कोपऱ्यात एका घमेल्यात ओली वाळू भरली, तिच्यात तिन्ही बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या आणि वरून गोणपाट टाकलं. मी दर दोन तासांनी पाणी शिंपडत होतो. इतकी सेवा मी माझ्या वडिलांची केली नव्हती, हे कौसल्याने बोलून दाखवलं.

मंगळवारी विमलताई आल्या. विमलताई आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. दारूच्या तीन दुकानांसमोर ठिय्या देऊन त्यांनी दोन हलवायला लावली आहेत आणि तिसऱ्याचा मालक त्यांना पाहिला की शटर ओढतो. येत्या रविवारी मंडळातर्फे कर्तबगार मुलींचा सत्कार होता, त्याची पत्रिका त्या दाखवायला आल्या होत्या. त्यात अर्पिताच्या नावापुढे 'द्राक्ष संशोधक' असं ठळक छापलं होतं. तो मजकूर मीच लिहून दिला होता, सुवाच्य अक्षरात.

उन्हातून आलेल्या बाईने हातपाय धुवावेत हे साहजिक आहे. त्या न्हाणीघरात गेल्या आणि आतूनच विचारलं, "गावंडे भाऊ, हे वाळूत काय पुरून ठेवलं जी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "द्राक्षासव."

"घरी केलं?"

"अर्पितानं आणलं. मुरत ठेवलं हाय."

"बरं झालं बाप्पा! मले डॉक्टर म्हणते रक्त कमी हाय. मुरलं का मले बी देजा दोन चमचे." त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "जुनं द्राक्षासव लय गुणकारी असते म्हणतात."

मी हसलो. तालुक्यातली दारू बंद करायला निघालेल्या बाईला मी दोन चमचे बर्गंडी कबूल केली होती. कौसल्या स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी इथे लिहीत नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. खोटेपणा एक वेळ पचतो, बेकायदेशीरपणा पचत नाही. नोकरीत मी एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्पही चुकवला नव्हता. आणि दारू जवळ बाळगायला परवाना लागतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तो दुकानातही मिळतो असंही वाचलं होतं. पण दिग्रसच्या दुकानात गेलो असतो तर परवाना हातात पडण्याआधी बातमी घरी पोचली असती. म्हणून बुधवारी सकाळी मी शेअर जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन दारव्ह्याला गेलो. टोपी घातली, गॉगल लावला. तिथे त्या दिवशी आठवडी बाजार असतो, हे मात्र विसरलो.

"देशी का विदेशी?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"परवाना फक्त. माल घरी हाय."

त्याने मान वर करून मला नीट पाहिलं. "एका दिवसाचा, वर्षाचा का जन्मभराचा?"

"सोमवार ते शनिवार."

"तसा नसते जी. जन्मभराचाच घेऊन टाका ना." मग त्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "नाहीतर वर्षाचा घ्या. तुमाले तेवढा पुरून जाईन."

या अपमानानंतर मी एक-एक दिवसाचे चार परवाने मागितले. सोमवार-मंगळवारचे मागल्या तारखेने द्यायला तो तयार होईना आणि मी तत्त्वाचा माणूस, ते दोन दिवस बेकायदेशीर गेले म्हणून तिथेच हळहळत उभा राहिलो. आरोग्याच्या रक्षणासाठी, असं काहीसं त्या चिठ्ठ्यांवर छापलं होतं. त्या वाचत बाहेर आलो तोच समोरून आवाज आला, "विठ्ठलराव! गॉगल काहून लावला?"

हे देवराव, आमच्या समोरच्या घरातले. लोणच्याच्या कैऱ्या घ्यायला दारव्ह्याला आले होते. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात पिशवी आणि डोळ्यांत करुणा.

"वयनीले माहीत हाय का?" त्यांनी विचारलं.

परत येताना जीपमध्ये माझ्या मांडीवर त्यांच्या कैऱ्यांची पिशवी होती आणि कानात त्यांचा उपदेश. दिग्रस दिसायला लागेपर्यंत मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. देवरावांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दाखवा."

दोन म्हातारे न्हाणीघरात शिरून आतून कडी लावतात, हे दृश्य कौसल्याने पाहिलं आणि ती सरळ शेजारी निघून गेली. मी टॉर्च धरला. चार वर्षांची बाटली लखलखीत होती. बारा वर्षांचीही ठीक. सव्वीस वर्षांची देवरावांनी वाळूतून उपसली, उजेडात धरून हालवली आणि तळातून काळपट गाळ वर उठला.

"गेली ही," देवराव म्हणाले. "सडली."

रंगही छपरावरच्या जुन्या कवेलूसारखा विटका होता. पोरगी भरवशाने ठेवून गेली आणि माझ्या न्हाणीघरात माल बिघडला! आज मला ठाऊक आहे की जुन्या वाइनमध्ये गाळ असतोच, तो बसावा म्हणून तर बाटली उभी ठेवायची असते. त्या दिवशी मला ठाऊक होतं ते एवढंच की गाळ म्हणजे खोट, आणि खोट असलेला नमुना मी कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

"घाबरता कायले?" देवराव म्हणाले. "पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं तर काय करता? तुरटी फिरवा. एका घंट्यात गाळ खाली."

यात मला तेव्हा काहीही खटकलं नाही. उलट देवरावांसारखा शेजारी लाभला याचं समाधान वाटलं.

बूच स्क्रू आणि पकडीने काढायला गेलो, तर अर्धं हातात आलं आणि अर्धं चुरा होऊन आत पडलं. तुरटी घरात एकच होती, माझ्या दाढीच्या डब्यातली. वाइन पातेल्यात ओतून खडा सात वेळा फिरवला. सात का, ते देवरावांना माहीत. मग गाळून घ्यायची वेळ आली. माझ्याकडे स्टीलच्या डबीत एक कापूस होता, सरकीसकट जपून ठेवलेला. दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने आणलेला, एकतीस वर्षांत पाहिलेला सगळ्यांत लांब तंतूचा. तो मी गाळणीत लावला. कच्चा कापूस पाणी लवकर पीत नाही हे मला माहीत होतं. वाइन मात्र प्यायला. बाटली पाऊण भरली. ती तूट देवरावांच्या सल्ल्याने माठातल्या पाण्याने भरून काढली आणि भुट्ट्याचा दांडा तासून बूच ठोकलं. घासलेटच्या बाटलीला लावायचो, तसं.

टॉर्च लावून पाहिलं तर काचेसारखी स्वच्छ! मी आणि देवरावांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं असं मला फार दिवसांनी वाटत होतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता अर्पिता बैठकीत बसली. तीन काचेचे ग्लास, तिची टिपणवही, थुंकायला कौसल्याने दिलेलं जुनं पातेलं. बाटल्या मी आत झाकून ठेवल्या होत्या, ग्लास भरून आणले आणि खाली चिठ्ठ्या सरकवल्या. देवराव बोलावल्याशिवाय आले होते, तुरटीचा निकाल ऐकायला.

तिने पहिला ग्लास तिरका करून रंग पाहिला. नाक खुपसलं. घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पातेल्यात थुंकला.

"आमची जिंदगी गेली थुंकण्यात," देवराव माझ्या कानाशी पुटपुटले, "आमाले कोणी सर्टिफिकेट देल्लं नाही."

"हे बारा वर्षांचं," अर्पिता म्हणाली आणि वहीत लिहिलं. दुसरा ग्लास. "हे चार." दोन्ही बरोबर. ती पुंजका ओढून पाहावा तशी, घाई न करता, कोणाकडे न बघता चाखत होती. ते मी ओळखलं. ती माझी पद्धत होती. कोणी शिकवली नव्हती, तिने कापसाच्या यार्डात माझ्या शेजारी उभं राहून लहानपणी पाहिली असणार. मला एवढा आनंद झाला की तिसऱ्या ग्लासाचं मी विसरूनच गेलो.

तिसऱ्यात तिने नाक घातलं आणि तशीच थांबली. पुन्हा वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग देवरावांकडे. घोट घेतला, थुंकला.

"बाबा," ती म्हणाली, "यात वाळा हाय."

मी तिसऱ्या ग्लासाखालची चिठ्ठी सरळ केली.

"आपल्या माठातला वाळा. अन् सरकी. अन्..." तिने डोळे मिटले. "दाढीचा साबण. तुरटी. तुमची तुरटी."

देवराव उठले आणि दूध तापत ठेवलंय म्हणाले. त्यांच्या घरी दूध दुपारी येतं.

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ग्लास हळूच खाली ठेवला.

"सरांजवळ एकच होती," ती म्हणाली. "आता परीक्षेत जुनी आली, तर पहिल्यांदा तिथंच चाखीन."

"बेटा, मले वाटलं बिघडली. गाळ होता."

"तर मले एक फोन करायचा होता. ज्याले कापसातली ओल बोट लावताच समजते, तो माणूस एक बाटली तशीच ठेवीन, म्हणून मी तुमच्याजवळ देल्ली. पुण्यात काय ओतून देणारे नाहीत?" मग तिने वहीतून रविवारची पत्रिका काढली. "अन् हे कोणं लिहून देल्लं? द्राक्ष संशोधक?"

कौसल्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत किती शेतकऱ्यांना मी म्हटलं असेल, भाऊ, वर चांगला कापूस लावला आणि आत कवडी, म्हणजे किडका कापूस, भरली! अर्पिता वही उघडी टाकून आत निघून गेली. वाचू नये हे कळत होतं. पण मी तिसरं पान वाचलं. टिपणं ती आधी मराठीत करते.

*नमुना नंबर तीन. रंग: संशय येण्याइतका स्वच्छ. वास: वाळा, सरकी, दाढीचा साबण. चव: तुरटी. वय: नमुन्याचं सव्वीस, दोषाचं बासष्ट. दोष: वडील.*

खाली आणखी एक रकाना होता, 'पुढे ठेवल्यास सुधारेल का?' तो कोरा होता.

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. बाटलीची तर वाटलीच. पण बाटली अडाण्यासारखी बिघडवली होती. पोरीच्या नावापुढे जे लिहिलं होतं, ते शुद्धीवर असताना, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

रविवारी समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं होती. अर्पिता येईल की नाही याची खात्री नव्हती, ती आईबरोबर शेवटच्या रांगेत येऊन बसली. विमलताईंनी नाव पुकारलं, "द्राक्ष संशोधक कुमारी अर्पिता!" आणि ती उठायच्या आत मी उठलो. माइकपाशी जाईपर्यंत काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"हे चूक छापलं हाय," मी म्हणालो. "मीच चुकीचं लिहून देल्लं. माही पोरगी द्राक्षावर संशोधन नाही करत. ते वाइन चाखते. चाखून तिची प्रत सांगते. मी कापसाचं करत होतो, तेच ते करते. माह्यापेक्षा चांगलं करते. मले लाज वाटली म्हणून दोन वर्षं लपवलं. अन् विमलताई, न्हाणीत होतं ते द्राक्षासव नव्हतं."

मागे कुठेतरी कोणीतरी म्हणालं, "दारव्ह्याले तेच घ्याले गेलते." बातमी पोचलेली होती तर.

विमलताईंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या यजमानांचं दारूपायी काय झालं ते आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्यासमोर कोणी ते काढत नाही. त्या शाल घेतलेल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी अर्पिताला जवळ बोलावलं.

"खरं हाय का पोरी?"

"हो, काकू."

"रोज पेते?"

"पेत नाही, काकू. तोंडात घेते अन् थुंकून टाकते. प्यायली तर समजत नाही मंग काही."

"सगळी थुंकते?"

"सगळी."

विमलताईंनी हातातली शाल उलगडली. मग हळू आवाजात, पण माइक चालू होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं, त्या म्हणाल्या, "आमच्या यायले कोणं हे शिकवलं असतं, तर आज इथं बसले असते."

आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजवाव्या की नाही हे लोकांना कळेना. पहिली टाळी देवरावांनी वाजवली, तेवढ्यासाठी मी त्यांना तुरटी माफ केली. जाताना विमलताई माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत. ते बरोबरच आहे.

सोमवारी अर्पिता परत निघाली. मी बॅग उचलली. ट्रॅव्हल्स यायची होती, ती रस्त्याकडे बघत होती आणि मी बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत होतो. गाडी आल्यावर आत चढताना तिने वही माझ्या हातात दिली, "हे बॅगच्या वरच्या कप्प्यात टाका, बाबा," म्हणून. मध्ये एक पान मुद्दाम दुमडलेलं होतं. माणसाला 'बाकी काही न करणं' जमत नाही हे तिला एव्हाना माहीत झालं असावं. मी उघडलं.

'दोष: वडील' तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. खालच्या रकान्यात, 'पुढे ठेवल्यास सुधारेल का?' याच्यासमोर, निळ्या शाईत लिहिलं होतं: *सुधारेल. ठेवून पाहावं.*